पॅकेट कुठपर्यंत आले होते?

मार्च-एप्रिल आला की अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची घाई उडते. त्यांतले बरेच प्रकल्प शेतीचे आणि बिनतारी असतात. कुणाला कपाशीच्या वावरातली ओल मोजायची असते, कुणाला वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागेतले ठिबक घरून चालवायचे असते, कुणाला विहिरीवरच्या पंपाची खबर हवी असते. दोन ट्रान्सीव्हर किट आणली जातात. एक पाठवणार, दुसरे घेणार. आणि मग आमच्या मासिकाकडे विचारणा येते ती जवळजवळ एकाच शब्दांत: पाठवणाऱ्या बोर्डाचा दिवा लुकलुकतो, पण इकडे पॅकेट येत नाही, कोणते रजिस्टर बदलू?

या प्रश्नाला थेट उत्तर देता येत नाही, आणि ते देऊ नये असे आमचे मत आहे. आधी विचारायचे ते हे की पॅकेट कुठपर्यंत आले होते. अँटेनावर पडलेली लहर आणि मायक्रोकंट्रोलरच्या मेमरीत बसलेली बाइट यांच्यामध्ये ठरलेले टप्पे आहेत. आधी चिपला ऊर्जा जाणवते, मग प्रिअँबल सापडते, सिंक वर्ड जुळतो, लांबी वाचली जाते, सीआरसी तपासला जातो आणि शेवटी फिफोतून डेटा उचलला जातो. यांतल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चिप आपली साक्ष देते. ती साक्ष न घेता रजिस्टरे बदलत बसले की एक बिघाड दोन होतात, आणि दुसरा आपण स्वतः घातलेला असतो.

उदाहरणासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीसी ११०१ ही चिप घेऊ. चिप जुनी आहे, पण आपल्या प्रयोगशाळांत आणि लहान कारखान्यांत ती सर्वत्र भेटते, आणि तिची माहितीपत्रिका मन लावून वाचली तर दुसऱ्या कोणत्याही ट्रान्सीव्हरची वाचता येते. सुरुवात आवृत्ती-क्रमांकाच्या रजिस्टरपासून करावी. तिथे सगळे शून्य किंवा सगळे एक आले, तर बिघाड रेडिओत नाही, एसपीआयच्या तारांत किंवा पुरवठ्यात आहे. हे एका मिनिटाचे काम, पण ते टाळल्याने दिवस जातात.

त्यानंतर पॅकेट विसरा. पाठवणाऱ्या बोर्डाला अखंड कॅरियर सोडायला लावा आणि दुसऱ्या बोर्डावर आरएसएसआय वाचा. एकदा कॅरियर बंद ठेवून, एकदा चालू करून. दोन्ही आकड्यांत फरक नसेल तर सिंक वर्ड, सीआरसी, इंटरप्ट यांपैकी कशालाच हात लावायचे कारण नाही. लहरच पोहोचत नाही. अँटेनाची पिन, मॅचिंगचे घटक, फ्रिक्वेन्सी, एवढेच तपासायचे राहते. स्पेक्ट्रम अॅनालायझर हाताशी नसेल तर यूएसबीवर चालणारा आरटीएल-एसडीआर डोंगल पुरेसा आहे. ८६६ मेगाहर्ट्झ त्याच्या टप्प्यात आरामात येते आणि कॅरियर कुठे उभा आहे हे पडद्यावर दिसते.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे किटची मूळची सेटिंग आपल्या देशाची नसते. युरोपसाठी बनवलेले किट ८६८.३ मेगाहर्ट्झवर उघडते, अमेरिकेसाठीचे ९१५ वर. भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त झाला, १ वॅटपर्यंत ट्रान्समीटर, ४ वॅटपर्यंत प्रभावी प्रसारित शक्ती आणि २०० किलोहर्ट्झपर्यंत कॅरियर बँडविड्थ या मर्यादांत. २०२१ मध्ये त्याची वरची कड ८६८ पर्यंत सरकली. म्हणजे ८६८.३ आपल्याकडे पट्ट्याबाहेर पडते. ९१५ ची गोष्ट त्याहून गंभीर आहे. ८९० ते ९१५ हा आपल्याकडे मोबाईल फोनकडून टॉवरकडे जाणारा मार्ग आहे. तिथे आपला प्रयोग चालवणे म्हणजे टॉवरच्या कानात ओरडणे. प्रयोगशाळेत ‘चालते’ म्हणून ते चालवू नये. प्रकल्पाच्या अहवालात पहिल्या पानावर फ्रिक्वेन्सी आणि शक्ती लिहिण्याची सक्ती मार्गदर्शकांनी करावी.

याच प्रश्नाची दुसरी बाजू सहसा कुणी पाहत नाही. मोबाईलच्या ८५० च्या बँडमध्ये टॉवरकडून फोनकडे येणारा भाग ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. आपला ८६७ चा चॅनेल आणि टॉवरचे प्रसारण यांत दोन-तीन मेगाहर्ट्झचे अंतर उरते. युरोपात या जागी असा शेजारी नाही, त्यामुळे तिथल्या किटच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही सापडणार नाही. अमरावतीत राजापेठेकडे किंवा अकोल्याच्या सिव्हिल लाइन्समध्ये गच्चीवर गेटवे बसवला आणि समोरच्याच इमारतीवर टॉवर असला, तर रिसीव्हर बहिरा होतो. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर तेच किट उत्तम चालते, म्हणून दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. खूण सोपी आहे. जवळून पाठवलेले सशक्त पॅकेट येते, दूरचे येत नाही, आणि तोच संच गावाबाहेर नेला की दूरचेही येऊ लागते. उपायही आहेत: चॅनेल ८६५ च्या बाजूला सरकवणे, अँटेनाच्या आधी सॉ फिल्टर घालणे, किंवा गच्चीचा कोपरा बदलणे. मात्र आधी निदान हवे.

उलट बाजूचा बिघाड टेबलावर होतो. दोन्ही किट शेजारी-शेजारी ठेवून पूर्ण शक्तीने पाठवले जाते. ८६६ मेगाहर्ट्झला दहा सेंटिमीटरवर मोकळ्या हवेतली हानी ढोबळमानाने ११ डेसिबल भरते. १० डीबीएम पाठवले तर समोर शून्याच्या आसपास पोहोचते आणि सीसी ११०१ साधारण −१४ डीबीएमच्या पुढे संपृक्त होते. मग पॅकेट तुटक येतात किंवा येतच नाहीत. शक्ती कमी करा, किंवा एक बोर्ड पलीकडच्या खोलीत न्या.

सगळ्यांत अधिक विचारणा होते ती, आमच्या मते, क्रिस्टलमुळे; पण विचारणाऱ्याला ते माहीत नसते. हिशोब करून पाहू. क्रिस्टलची सहनशीलता दशलक्षात २० असेल, तर ८६६ मेगाहर्ट्झला एक बोर्ड १७.३ किलोहर्ट्झने सरकू शकतो. दोन बोर्ड विरुद्ध दिशांना सरकले तर अंतर ३४.६ किलोहर्ट्झ. आता १.२ किलोबॉडचे, ५.२ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचे नेहमीचे सेटिंग घ्या. सिग्नलची रुंदी सुमारे ११.६ किलोहर्ट्झ. रिसीव्हरचा फिल्टर ५८ किलोहर्ट्झचा, आणि माहितीपत्रिका सांगते की सिग्नलने चुकीसह फिल्टरच्या ८० टक्क्यांतच बसावे, म्हणजे ४६.४ मध्ये. त्यातून ११.६ वजा जाता ३४.८ उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना १७.४ च. एकाच बोर्डाच्या चुकीने ही सगळी जागा संपते. दुसऱ्या बोर्डासाठी काहीच शिल्लक राहत नाही. फिल्टर १०२ किलोहर्ट्झचा केला तर दोन्ही बाजूंना ३५ किलोहर्ट्झ मिळतात, दोन्ही क्रिस्टलांना जेमतेम पुरतील इतके. त्याची किंमत सुमारे २.४ डेसिबल संवेदनशीलतेने मोजावी लागते. हा सौदा करायचा की महाग क्रिस्टल घ्यायचा, हे ठरवणे अभियंत्याचे काम आहे. किटच्या मूळ सेटिंगने ते त्याच्या वतीने ठरवू नये.

वऱ्हाडात या हिशोबाला उन्हाची भर पडते. एकाच खोक्यातून आलेली दोन किट एकाच खोलीत, एकाच तापमानात असतात. त्यांची चूक एकाच दिशेची असते आणि ती एकमेकांत विरून जाते. म्हणून टेबलावर सगळे जुळते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद प्लास्टिकच्या डब्यात, भर उन्हात, आतले तापमान हवेच्याही खूप वर चढते. वावरातला नोड तापलेला आणि गेटवे घरात पंख्याखाली, अशी परिस्थिती आली की दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या होतात. दुपारी बारा ते चार पॅकेट गायब, संध्याकाळी पुन्हा सुरू. अनेकांना हा नेटवर्कचा किंवा सोलर चार्जिंगचा दोष वाटतो. वास्तविक सीसी ११०१ मध्ये फ्रिक्वेन्सीच्या फरकाचा अंदाज देणारे रजिस्टर आहे, साधारण १.६ किलोहर्ट्झच्या एका पायरीचे. प्रत्येक आलेल्या पॅकेटबरोबर तो आकडा नोंदवला आणि शेजारी वेळ लिहिली, तर दोन दिवसांत आलेख स्वतःच बोलतो. सकाळी तो शून्याजवळ असेल, अकरा वाजता कडेला सरकलेला असेल, आणि त्यानंतर नोंदच नसेल. डब्याला पांढरा रंग, वर सावलीची दुसरी झाकणी आणि थोडा रुंद फिल्टर एवढ्यावर प्रश्न सुटतो.

ऊर्जा पोहोचते, फ्रिक्वेन्सी जुळते, तरीही पॅकेट नाही, तेव्हा सिंक वर्डकडे यावे. इथे उलटी फसगत होते. सिंक वर्ड सापडला की पिन वर जाते, म्हणून विद्यार्थी त्या पिनेवर दिवा लावतात. दिवा लुकलुकला की समजतात, पॅकेट येत आहे. ट्रान्समीटर बंद करून पाहावे. दिवा तरीही अधूनमधून लुकलुकतो. कारण १६ बिटांचा सिंक वर्ड नुसत्या नॉइजमध्येही योगायोगाने जुळतो. शक्यता ६५,५३६ मध्ये एक, पण ३८.४ किलोबॉडला सेकंदाला ३८,४०० संधी मिळतात, म्हणजे सरासरी पावणेदोन सेकंदांत एक खोटा सिंक. एका बिटाची चूक माफ करणारे सेटिंग असेल तर हे प्रमाण सतरापट होते. खोट्या सिंकनंतर चिप पुढची बाइट लांबी समजून वाचते. कमाल लांबीचे रजिस्टर रीसेटनंतर २५५ वर असते. त्यामुळे नॉइजमधून आलेली लांबी २०० निघाली तर चिप तितक्या बाइट गोळा करत बसते आणि नेमके त्या वेळी आलेले खरे पॅकेट हुकते. १.२ किलोबॉडला २५५ बाइटना १.७ सेकंद लागतात. फिफो तर ६४ बाइटचाच आहे. वेळेत उपसला नाही तर तो ओसंडतो आणि फ्लश केल्याशिवाय रिसीव्हर पुन्हा उठत नाही. उपाय एका ओळीचे आहेत: सिंक ३२ बिटांचा करा, कमाल लांबी आपल्या पॅकेटइतकीच ठेवा, आणि सिंकबरोबर ठरावीक सिग्नल-पातळीचीही अट घाला.

सिंक नेमका पाठवण्याच्या क्षणी येतो, पण सीआरसी प्रत्येक वेळी चुकतो, असे असेल तर रेडिओला दोष देऊ नका. एका टोकाला व्हाइटनिंग चालू आणि दुसऱ्याला बंद आहे, किंवा एकीकडे ठरावीक लांबी आणि दुसरीकडे बदलती. आणि ‘पहिले पॅकेट येते, दुसरे कधीच येत नाही’ ही तक्रार आली की आम्ही थेट एका रजिस्टरकडे बोट दाखवतो. पॅकेट घेतल्यावर चिपने कुठे जायचे हे एमसीएसएम १ ठरवते, आणि रीसेटनंतर ते चिपला विश्रांतीत पाठवते. प्रत्येक पॅकेटनंतर पुन्हा रिसीव्हची आज्ञा द्या, किंवा हे सेटिंग बदला. लोरा वापरणाऱ्यांची यादी थोडी वेगळी आहे: स्प्रेडिंग फॅक्टर, बँडविड्थ, सिंक वर्ड, आयक्यू उलटवलेले आहे का, आणि एसएफ ११-१२ ला १२५ किलोहर्ट्झवर कमी वेगाची खूण दोन्ही टोकांना सारखी आहे का. त्यावर स्वतंत्र लेख करावा लागेल.

बॅटरीचे एक वाक्यही इथेच. सीआर २०३२ सेल टेबलावर नवा असताना चालतो. थोडा उतरला की पाठवताना लागणाऱ्या सुमारे ३० मिलिअँपिअरला त्याचे व्होल्टेज कोसळते, चिप मध्येच रीसेट होते, आणि सगळे शोधत बसतात रिसीव्हरमध्ये.

आता वावराकडे. इथे टेबलावरचे आकडे पुरत नाहीत आणि इथेच आपल्या भागाला काही करून दाखवण्याची जागा आहे. ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३४.६ सेंटिमीटर लांबीची. दोन्ही अँटेना जमिनीपासून एक मीटरवर असतील तर साधारण बारा मीटरनंतर जमिनीवरून परतलेली लहर थेट लहरीला मारू लागते, आणि तिथून पुढे अंतर दुप्पट झाले की १२ डेसिबल जातात. २०० मीटरवर हानी सुमारे ९२ डेसिबल. १० डीबीएम पाठवले तर −८२ पोहोचते. १.२ किलोबॉडला चिप −११२ पर्यंत ऐकते, तेव्हा ३० डेसिबल गाठीशी राहतात. २५० किलोबॉडला ती −९५ पर्यंतच ऐकते, तेव्हा १३. हे सगळे मोकळ्या, नांगरलेल्या जमिनीचे. जुलैत पऱ्हाटी गुडघ्याखाली असते तेव्हा १३ डेसिबल पुरतात. दसऱ्याच्या सुमारास तीच पऱ्हाटी अँटेनाच्या वर जाते, पाण्याने भरलेली पाने मध्ये येतात आणि हिशोब बदलतो. शेजारी तूर असेल तर ती आणखी उंच. एका अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डेसिबल परत मिळतात, दोन्हींची केली की १२. बांबू स्वस्त आहे. ट्रान्समीटरची शक्ती वाढवण्याआधी बांबू वाढवावा.

टेबलावरचे आकडे वावरात पुरत नाहीत, याचा सगळ्यांत प्रामाणिक दाखला नेदरलँडमधला आहे. २००५ मध्ये तिथे बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोड लावले गेले, हेतू करप्यावर लक्ष ठेवण्याचा. अपेक्षित नोंदींपैकी जेमतेम २ टक्के हाती आल्या. संशोधकांनी ते लपवले नाही. काय-काय बिघडले, हे सांगणारा शोधनिबंधच २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या बटाट्याच्या शेतातल्या मोजणीत असेही दिसले की रात्री आणि पावसात, हवा दमट असताना, सिग्नल उलट सुधारतो. पाऊस पडला की रेडिओ बिघडतो असे आपण गृहीत धरतो. मोजले तर वेगळे निघते. आपल्याकडे आयआयटी मुंबईने नाशिकच्या सुला द्राक्षबागेत ‘अॅग्रिसेन्स’ हे सेन्सरजाळे उभारले होते. पण मांडवावरची द्राक्षे आणि भुईवरून छातीपर्यंत वाढणारी कपाशी यांत लहरीचा मार्ग सारखा नाही, आणि खारपाणपट्ट्यातली ओली, क्षारयुक्त काळी माती तर आणखी निराळी. अशा मातीत अँटेना पुरली की लहर तिथेच विरते. ओलीचा सेन्सर मातीत असू द्या. अँटेना वर काढा.

कपाशीतल्या, तुरीतल्या, संत्र्यातल्या ८६६ मेगाहर्ट्झच्या हानीचे पेरणीपासून वेचणीपर्यंतचे आकडे आपल्या भागानेच काढायला हवेत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. त्याच्याकडे जमीन आहे, पिकांच्या वाढीच्या तारीखवार नोंदी ठेवण्याची शिस्त आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. तिथे आणि आसपासच्या महाविद्यालयांत दरवर्षी नवे हात आणि नवी किट येतात. दोन किट, दोन बांबू आणि एक हंगाम, एवढ्यात हे काम सुरू होऊ शकते. अडचण वेळापत्रकाची आहे. प्रकल्प सुरू होतो पावसाळ्यात आणि किट हातात येते पऱ्हाटी उपटल्यावर. मार्चच्या मोकळ्या वावरात चाचणी होते, २०० मीटर गाठले असे अहवालात लिहिले जाते, आणि पुढच्या सप्टेंबरात तो संच बसवणाऱ्या शेतकऱ्याला त्या आकड्याचा काही उपयोग नसतो. विभागप्रमुखांना आमची विनंती आहे की किटची खरेदी जूनपूर्वी करावी.

आणि परीक्षकांना दुसरी विनंती. तोंडी परीक्षेत पडद्यावर आकडा उमटला की गुण मिळतात. तो उमटला नाही तर विद्यार्थी गळून जातो, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी रात्रभर डेमोपुरते जुळवून आणतो. त्याऐवजी विचारा: हजार पॅकेट पाठवलीस, किती आली? न आलेल्यांपैकी किती सिंकपर्यंत पोहोचली, किती सीआरसीला पडली? त्या वेळी आरएसएसआय किती होता, फ्रिक्वेन्सीचा फरक किती? ज्या मुलीने ९०० पॅकेट गमावली पण प्रत्येक कुठे गेले ते सांगितले, तिला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, कारण उद्या एखाद्या कारखान्यात किंवा बाजार समितीच्या गोदामात बंद पडलेला संच तिच्यासमोर येईल तेव्हा तिला हेच करावे लागणार आहे.

या खरिपापासून अशा नोंदींसाठी आम्ही मासिकाची चार पाने राखून ठेवत आहोत. नोंदीत फ्रिक्वेन्सी, शक्ती, बॉडदर, फिल्टरची रुंदी, दोन्ही अँटेनांची उंची, अंतर, पीक आणि त्याची उंची, तारीख, वेळ, डब्यातले तापमान, पाठवलेली आणि आलेली पॅकेट, सीआरसीला पडलेली पॅकेट, एवढे रकाने असावेत. वहीच्या पानाचे छायाचित्रही चालेल. पहिल्या पावसानंतरची, पऱ्हाटी चार पानांवर असतानाची नोंद आम्हाला सर्वप्रथम हवी आहे, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना तिच्याशीच करायची आहे.